गोडं पाणी उतरतं तेव्हाचं कोची

जूनच्या मध्याला कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं. दरडींच्या धास्तीनं गाड्यांचा वेग उतरवतात, आणि पाऊस फारच धरला तर चालकाला ताशी ४० किलोमीटरच्या वर गाडी न्यायची मुभा नसते. जुलैच्या उत्तरार्धात रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेसनं कोचीला निघणाऱ्यानं घड्याळ पिशवीत टाकावं आणि खिडकी धरावी. आमची खिडकी बाबांनी धरली होती.

ताई आणि भावोजी नोकरीनिमित्त कोचीत असतात. त्यांचं आमंत्रण नेहमी नाताळातलं. बाबांनी मात्र पावसाळ्याचाच हट्ट धरला. कारण आमचं खाजण. रत्नागिरीजवळ खाडीकाठची खारी भातजमीन बाबांनी उमेदीची सगळी वर्षं कसली. भावोजींनी एकदा फोनवर सांगितलं होतं की कोचीच्या आसपास अशाच खाऱ्या जमिनीत भात घेतात आणि भात निघाला की त्याच पाण्यात कोळंबी वाढवतात. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात ते बसलं होतं. "रोपं फोफावायच्या आत बघायला हवं. भात उभं राहिल्यावर कोणीही बघेल," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं बरोबर होतं, आणि ते नुसत्या भातापुरतं बरोबर नव्हतं. कोची खाडीवर वसलेलं गाव आहे. मागे वेंबनाडचा प्रचंड जलाशय, त्यात सहा नद्या उतरतात. पुढे अरबी समुद्र. उन्हाळ्यात खारं पाणी कैक मैल आत शिरतं, पावसाळ्यात नद्या ते परत बाहेर ढकलतात. मासे, भात, होड्या, बंदर, जेवणाचं ताट, सगळं या ढकलाढकलीवर चालतं. डिसेंबरात गेलेल्याला चर्च, ज्यूंचं सिनेगॉग, चिनी जाळी हे सगळं नीट दिसतं. ते तिथे का आहे, हे समजायला मात्र पावसाळा लागतो असं माझं मत झालं.

कारवारची काळी नदी, होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल, नेत्रावती, भारतप्पुळा. प्रत्येक नदीवर बाबा पाण्याचा रंग बघायचे. "लाल आहे. घाटावर अजून जोर आहे." आलुव्याला पेरियार ओलांडली तेव्हा ती चहाच्या रंगाची होती आणि काठावरच्या झाडांचे बुंधे पाण्यात होते.

एर्नाकुळमला, म्हणजे कोचीच्या जमिनीकडच्या बाजूला, उतरलो ते सरीतच. रत्नागिरीच्या माणसाला पावसाचं अप्रूप नसतं; कोचीत वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडेही त्याच घरातला. फरक पडण्याच्या रीतीत आहे. आमच्याकडे एकदा झड लागली की आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. कोचीत तासभर असं कोसळतं की रस्त्यापलीकडचं दुकान दिसेनासं होतं, आणि मग लख्ख ऊन. पुन्हा आभाळ भरून येतं. शिवाय आमचा पाऊस दसऱ्याच्या आसपास आवरतं घेतो, तर तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडून दुसरा येतो. पहिल्याला एडवप्पाति म्हणतात, दुसऱ्याला तुलावर्षम. दोन्ही नावं मल्याळी महिन्यांवरून पडलेली.

शहरात पाणी तुंबतं, हे आधीच सांगून ठेवते. एर्नाकुळमची बाजू सपाट आणि समुद्रसपाटीच्या जेमतेम वर. तेवरा-पेरांडूर आणि मुल्लश्शेरी हे कालवे एके काळी पाणी खाडीत नेऊन सोडायचे; त्यांच्यावर बांधकामं झाली, गाळ साचला. वर मोठी सर आणि खाली भरती अशी गाठ पडली की पाण्याला जायला वाट उरत नाही. ताईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "तुंबलेल्या पाण्यातून चालायचं नाही. बाबांच्या टाचेला भेगा आहेत." केरळात लेप्टो, म्हणजे तुंबलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, दर पावसाळ्यात माणसं नेतो; पाण्यात उतरणं ज्यांना टळत नाही त्यांना आरोग्य केंद्रातून प्रतिबंधक गोळ्या देतात. बूट घेऊन जाऊ नयेत. रबरी चपला तिथेच घ्याव्यात, आणि छत्रीही तिथेच. आलप्पुळच्या पॉपी आणि जॉन्स या छत्र्यांवर मल्याळी माणसाचा इतका जीव असतो की शाळा उघडायच्या दिवसांत त्यांच्या जाहिरातींनीच पाऊस जवळ आल्याचं कळतं. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. ताईच्या शेजारचा मुलगा रात्री आईच्या फोनवर जिल्हाधिकाऱ्यांचं पानच उघडून बसलेला असायचा.

आमचं सगळं फिरणं पाण्यावरून झालं आणि तुम्हीही तसंच करा. हायकोर्टच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रो जाते. २०२३ च्या एप्रिलात ही सेवा सुरू झाली, फोर्ट कोचीचा मार्ग त्यानंतर वर्षभरानं. विजेवर चालणाऱ्या, कोचीन शिपयार्डनं बांधलेल्या बोटी. आत शंभर माणसांची सोय, मोठ्या काचा. मला सगळ्यात आवडला तो तिचा तरंगता धक्का. भरती असो की ओहोटी, धक्का बोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे काठी टेकत चालणारा माणूसही सपाट पाऊल टाकून आत जातो. बाबांचा गुडघा दुखरा आहे. रत्नागिरीकडच्या तरीत चढताना दोघांनी धरावं लागतं. इथे ते एकटे गेले, एकटे बसले. सरकारी जलवाहतूक खात्याच्या जुन्या बोटी अजून चालतात, त्यांचं तिकीट अगदी थोडक्या पैशांत येतं. सर आली की बाजूचे पडदे सोडतात आणि अंधाऱ्या बोटीत ओल्या कपड्यांचा, डिझेलचा आणि कोणाच्या तरी पिशवीतल्या माशांचा वास भरतो. दोन्हीतून जाऊन बघावं.

बोटीतून समोर वायपिन बेट दिसतं. हे बेट आणि कोचीचं बंदर यांचा जन्म एका पुरातला मानतात. १३४१ साली पेरियारला महापूर आला, उत्तरेकडचं मुझिरिस हे पुरातन बंदर गाळानं भरलं आणि कोचीपाशी समुद्राला नवं तोंड फुटलं. वायपिनची जमीन त्याच उलथापालथीत वर आली. तिथे त्या वर्षापासून मोजला जाणारा पुदुवैप्पु शक होता. मिरीचा व्यापार मुझिरिसहून इकडे सरकला. पुढे अरब, पोर्तुगीज, डच, इंग्रज आले ते या पुरानं उघडलेल्या तोंडातून. तरीही पावसाळ्यात हे बंदर धोक्याचंच राहिलं. तोंडाशी वाळूचा बांध, त्यामुळे मोठी जहाजं बाहेर उघड्या समुद्रात नांगरायची. १९२० नंतर रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्यानं तो बांध कापला, खाडीतला गाळ उपसला आणि त्या गाळातून विलिंग्डन बेट उभं केलं. नद्या आजही दर पावसाळ्यात गाळ आणतात आणि बंदराला तो उपसत राहावं लागतं. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "उपसलेला गाळ टाकतात कुठे?" खाजणवाल्याला गाळाची किंमत असते.

फोर्ट कोचीत उतरलं की थोराड वर्षावृक्ष लागतात. पावसाळ्यात त्यांच्या फांद्यांवर नेचे आणि आमरी इतकी माजतात की मूळ साल दिसत नाही. त्यांच्याखालून समुद्राकडे गेलं की चीनवला, म्हणजे चिनी जाळी. ती कुणी आणली याबद्दल दोन मतं आहेत. एक चिनी व्यापाऱ्यांचं नाव घेतं, दुसरं मकाऊहून आलेल्या पोर्तुगीजांचं. मला त्यापेक्षा तिचं चालणं बघत बसावंसं वाटलं. काठावर लाकडांचा मोठा सांगाडा आणि त्याच्या पुढच्या टोकाला पसरलेलं जाळं. मागच्या टोकाला एकाखाली एक दगड टांगलेले, डोक्याएवढे, काथ्याच्या दोरानं बांधलेले. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत जातो आणि त्याच्या वजनानं सगळं धूड हळूच वाकून जाळं पाण्यात बुडतं. थोडा वेळ जातो. मग मागे चौघे-पाचजण दोर ओढतात, दगड एकेक करून फळीवर टेकतात आणि जाळं वर येतं.

आमच्यासमोर आलं त्यात जलपर्णी होती. पावसाळ्यात पाणी गोडं झालं की वेंबनाडच्या आतल्या बाजूनं जलपर्णीचे हिरवे ताफे वाहत येतात आणि जाळ्यात अडकतात. एकजण जाळ्याच्या कडेशी उतरला, गुडघ्यावर बसला आणि हातांनी एकेक गड्डा उचलून बाहेर भिरकावू लागला. प्रत्येक गड्ड्याची मुळं हातभर लांब, काळीभोर, केसांच्या जटांसारखी, आणि त्यात अडकलेले नखाएवढे खेकडे. ते तो वेचून डबक्यात टाकत होता. अर्धा तास गेला असेल. हाती आली ती मूठभर कोळंबी आणि शेतकं जातीचे दोन मासे. "सहा महिने हेच," त्यानं हिंदीत सांगितलं. "मीठ परत आलं की ही मरते." समुद्राच्या बाजूला वाहून गेलेल्या ताफ्यांच्या कडा खरंच तपकिरी पडायला लागल्या होत्या. जाळी चालवणारे लोक आता मोजकेच उरलेत. पर्यटक दोर ओढून फोटो काढतात, त्याचे पैसे देतात. द्यावेतच, आणि थोडे जास्त द्यावेत.

फोर्ट कोचीतच वेळी या भागात धोबीखाना आहे. डचांच्या काळात सैनिकांचे कपडे धुवायला तमिळ मुलखातून आणलेल्या वण्णान समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे काम करतात. पावसाळ्यात त्यांना कोण कपडे देत असेल, असं मला वाटलं होतं. हॉटेलांच्या चादरी आणि दवाखान्यांचे पडदे थांबत नाहीत. मागच्या मैदानात दोन पदरी पिळाचे काथ्याचे दोर ताणलेले. चिमटा एकही नाही. दोराच्या पिळात कापडाचं टोक खुपसायचं, पीळच ते धरून ठेवतो. वारा कितीही आला तरी सुटत नाही, आणि सर आली तर नुसता हिसडा दिला की सुटतं. आम्ही उभे असताना सर आली. त्याआधीच एका आजींनी समुद्राकडे बघून काहीतरी हाक घातली होती. आकाशात मला काहीच दिसत नव्हतं. चार माणसं दोरांच्या रांगांतून धावली, सट्‌सट्‌ चादरी उतरल्या, खांद्यावर घेतल्या आणि छपराखाली आल्या. मग पाऊस आला. तो थांबल्यावर त्याच चादरी त्याच क्रमानं परत पिळात गेल्या. दिवसातून असं किती वेळा, याचा हिशोब ती माणसं ठेवत नाहीत. आत नारळाच्या करवंट्यांच्या निखाऱ्यावरच्या जड इस्त्र्या चालू होत्या, आणि भाताच्या पेजेच्या खळीचा वास होता.

मट्टांचेरीत सिनेगॉग बघितलं. ते १५६८ चं आहे आणि जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही. अनवाणी चालताना त्या पावसाळ्यात गार लागतात. शनिवारी बंद असतं. पण वेळ द्यायचा तर मट्टांचेरीच्या राजवाड्याला द्यावा. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमाराला कोचीच्या राजासाठी बांधला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून सगळे त्याला डच पॅलेस म्हणतात. राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलेलं आहे. आम्ही गेलो तो कर्किडक महिना होता, १७ जुलैच्या आसपास सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालणारा. या महिन्यात केरळात घरोघरी संध्याकाळी दिवा लावून मल्याळी कवी एळुत्तच्छन यांचं अध्यात्म रामायण वाचतात. पूर्वी हा हातातोंडाशी गाठ पडण्याचा काळ. शेतात काम नाही, समुद्रात जाता येत नाही, घरातलं धान्य सरलेलं. अशा महिन्यात वाचायला रामायण काढणाऱ्या माणसांबद्दल मला फार आपुलकी वाटली. ताईच्या इमारतीत तळमजल्यावरच्या आजी वाचायच्या. शब्द कळत नव्हते, पण वनवास कधी सुरू झाला ते बाबांना आवाजावरून कळलं.

तिथूनच जवळ चेरलाईला तिरुमल देवस्वमचं देऊळ आहे. सोळाव्या शतकात गोव्याहून निघालेले गौड सारस्वत इथे येऊन वसले आणि अजून घरात कोकणी बोलतात. देवळाच्या बाहेर एका काकांशी बाबा बोलत उभे राहिले. बाबांची रत्नागिरीची बोली आणि त्यांची कोचीची कोकणी. सुरुवातीला दोघंही सावकाश, शब्द चाचपत. विषय पावसाचा निघाला आणि गाडी रुळावर आली. अळूची पानं, फणसाच्या आठळ्या, सुके मासे, पापड वाळत नाहीत ही तक्रार, सगळं जुळत गेलं. काकांनी घरून अळूच्या वड्या आणून खायला घातल्या. वाटणात भिजवलेले तांदूळ आणि मिरची, वर खोबरेल तेल. आमच्या वडीत बेसन असतं, एवढाच फरक.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर कर्किडक कंजी. औषधी पेज. दुकानांत तिची तयार पाकिटं मिळतात, पण ताईच्या शेजारणीनं घरी केली. नवरा नावाचा तांबूस तांदूळ, मेथ्या, जिरं, अळीव, अंगणातल्या दहा पवित्र मानलेल्या वनस्पतींचा रस आणि शेवटी नारळाचं दूध. कडसर लागते, मग अंगात ऊब येते. तिच्याबरोबर पानांची भाजी, तीही पावसात उगवणाऱ्या दहा प्रकारच्या पानांची, आणि त्यात टाकळा. बाबांनी घास घेतल्यावर मान हलवली. "आपल्याकडे पहिल्या पावसाचा टाकळा खातात ना, तोच हा." माशाच्या कालवणात कोकमाऐवजी कुडमपुळी पडते, कोकमाच्याच कुळातली, पण चुलीवर धुरावून काळी केलेली. तिचा आंबटपणा अंगावर येत नाही, मुरतो. दुपारी चहाच्या टपरीवर कट्टन चाया आणि पळम पोरी, म्हणजे कोरा चहा आणि पिकल्या केळ्याची भजी. टपरीच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना हे खाल्लं नाही तर कोचीला जाऊन काही उपयोग नाही, असं मी मनापासून म्हणेन.

आषाढी अमावास्येला आपल्याकडे दिव्यांची पूजा होते. केरळात ती कर्किडक वावु, पितरांची अमावास्या. मेट्रोनं शेवटच्या आलुवा स्थानकापर्यंत जाऊन आम्ही पेरियारच्या काठी गेलो. तिथे मणप्पुरमच्या वाळवंटात शंकराचं देऊळ आहे आणि मोठ्या पुरात ते बुडतं. शिवलिंग पाण्याखाली गेलं की लोक त्याला देवाचं स्नान मानतात. पेरियारला किती पाणी आलंय हे कळायला सगळं एर्नाकुळम या देवळाकडे बघतं. २०१८ च्या ऑगस्टात धरणांचे दरवाजे उघडावे लागले तेव्हा पाणी इतकं चढलं की नेडुंबाश्शेरीचा कोची विमानतळ १५ तारखेपासून दोन आठवडे बंद होता आणि लहान विमानं नौदलाच्या धावपट्टीवर उतरत होती. आम्ही गेलो तेव्हा पाणी देवळाच्या अगदी जवळ होतं आणि विधी उंचावरच्या बाजूला चालले होते. केळीच्या पानांवर भात, तीळ, दर्भ. ओले पंचे गुंडाळलेली माणसं रांगेत बसलेली. बाबांनी आईच्या नावानं पाण्यात तीळ सोडले. गुरुजींना आमचं गोत्र मल्याळीत नीट म्हणता आलं नाही, बाबांनी सावकाश पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा म्हटलं.

दक्षिणेला चेल्लानमला एका सकाळी गेलो. पावसाळ्यातला समुद्र इथे वर्षानुवर्षं घरांत शिरायचा. आता सात किलोमीटरवर टेट्रापॉडची भिंत आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला बघतो तेच चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे. भिंतीमागची माणसं निवांत झोपतात असं सांगतात. भिंत जिथे संपते तिथून उत्तरेला, कण्णमालीच्या बाजूला, अजून वाळूच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि एका घराच्या ओटीवर लाटेनं आणलेली वाळू एक बाई खोऱ्यानं बाहेर ओढत होती. तिथे आम्ही फोटो काढले नाहीत.

आणि मग कडमक्कुडी, ज्यासाठी बाबा आले होते.

शहरापासून फार लांब नाही. मोठे पूल ओलांडले की लहान लहान बेटं, मध्ये पाण्याचे चौकोन आणि अरुंद बांधांवरचे रस्ते. हीच पोक्काळी भाताची शेती. भावोजींच्या ओळखीचे एक शेतकरी आम्हाला घ्यायला आले, लुंगीसारखा मुंडू गुडघ्यावर दुमडलेला. भाषा अडत होती, ताई मध्ये होती, पण बांधावर पाय ठेवल्यापासून त्या दोघांना दुभाष्याची गरज कमीच लागली. बाबांनी आधी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "गोडं झालंय गो. थोडीशी चव आहे, पण चालेल." शेतकऱ्यानं ते बघितलं आणि हसला, तोही तसंच करतो.

पोक्काळीची रीत अशी. एप्रिलच्या मध्यापर्यंत या शेतांत कोळंबी असते. ती काढली की पाणी उपसून चिखलाचे ढीग करतात, फूट-दीड फूट उंचीचे, सगळ्या शेतभर. उन्हात ते वाळतात, भेगाळतात, मीठ वर येतं. जूनचा पाऊस ढिगांवरून ते मीठ धुऊन खाली नेतो आणि ओहोटीला उघडीक देऊन ते पाणी बाहेर सोडतात. मग मोड आलेलं बियाणं ढिगांच्या माथ्यावर पेरतात. खाली पाणी असलं तरी रोप उंचावर कोरडं राहतं. महिनाभरानं रोप वीतभराहून उंच झालं की ढीग कुदळीनं तोडून, चार-पाच रोपांसकट चिखलाचा एकेक तुकडा आसपास पसरतात. आम्ही गेलो तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. छातीपर्यंत चिखलानं माखलेल्या बायका ओळीनं पुढे सरकत होत्या, चिखलाचा गोळा हातात घेऊन तो पाण्यात अलगद बसवत होत्या. खत नाही, औषध नाही. भात माणसाच्या उंचीपर्यंत वाढतं, पाण्यात लवतं, पण लोंब्या वर मान काढून राहतात. ऑक्टोबरच्या सुमाराला फक्त लोंब्या कापायच्या. खालचं काड पाण्यात कुजतं आणि खारं पाणी परत आत आलं की त्याच कुजक्यावर कोळंबी पोसते. कोळंबीची विष्ठा पुढच्या भाताला.

"आमच्याकडेही बियाण्याला मोड आणून पेरतात, त्याला रहू म्हणतात, पण ढीग करत नाहीत," बाबा म्हणाले. त्यांनी पाण्याची वाट बघायला मागितली. बांधात लाकडी दार होतं, फळ्या सरकवायचं. आमच्या उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाणदाराचं, झडप भरतीनं आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. इथे माणूस वेळा धरून फळ्या टाकतो, काढतो आणि दारापाशी जाळं लावतो. कुठलं चांगलं यावर दोघांनी बराच वेळ घातला. बाबांनी चिखलात काडीनं आमच्या उघाडीचं चित्र काढलं. त्यानं त्यात जाळ्याची जागा दाखवली.

मग तो शेतकरी बोलला ते ताईनं सांगितलं. चिखलात उतरणारी माणसं मिळत नाहीत, आलेल्या बायकांत पन्नाशीच्या आतली एकही नव्हती. भातापेक्षा कोळंबीला पैसा जास्त, म्हणून पुष्कळ जण शेतात वर्षभर खारं पाणीच ठेवतात. सरकारचं धोरण एक भात, एक मासा असं आहे, पण शेजाऱ्यानं खारं पाणी सोडलं तर तुमचा बांध कितीसा अडवणार? बाबा ऐकत होते. आमच्या गावचं निम्मं खाजण असंच गेलं. बांध फुटला, कुणी बांधला नाही, आता तिथे कांदळवन आणि कोळंबीची तळी आहेत. बांध एकट्याचा नसतो, सगळ्यांनी मिळून धरावा लागतो, हे दोन्हीकडचं दुखणं एकच. मला पोक्काळी वाचावी असं फार वाटतं. खारं पाणी वर चढत चाललेल्या काळात ते सोसणारं बियाणं हातात असताना ते गमावू नये. परवडणाऱ्यांनी तो तांदूळ विकत घ्यावा. जाड, तांबडा, पेजेला उत्तम. त्याला भौगोलिक मानांकनही आहे.

महाराष्ट्रात पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. केरळात ट्रॉलरना बंदी ५२ दिवस, ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत. त्या काळात पारंपरिक होड्यांचीच तारली आणि बांगडा बाजारात येतो. आमचं परतीचं आरक्षण आम्ही मुद्दाम त्यानंतरचं ठेवलं होतं, आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर जाणाऱ्यांनी तसंच ठेवावं. १ ऑगस्टला दुपारी वायपिनच्या उत्तर टोकाला मुनंबमच्या बंदरावर गेलो. रात्री बाहेर पडलेल्या बोटी परत लागत होत्या, नव्या रंगाच्या, नव्या जाळ्यांच्या. बर्फाचे ट्रक, टोपल्यांच्या रांगा, लिलाव करणाऱ्याचा एका दमातला आकड्यांचा सपाटा. मिळालं होतं ते मुख्यतः किळिमीन, आपल्याकडचा राणी मासा, गुलाबी अंगाचा. दर पहिल्या दिवशी चढा होता आणि ताई घासाघीस करत होती. बाबांनी कल्ला उघडून बघितला, "घे," म्हणाले. दोन किलो घेतले, बर्फ घालून पिशवी बांधली आणि कुडमपुळी संपली होती म्हणून परतताना ती घ्यायला चेराईच्या बाजारात थांबलो.